दुसरी हार्ड डिस्क जोडताना पार्टिशन कशी करावीत

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. आपण सदाशिव पेठेत अक्षरजुळणीचे आणि पुस्तकांच्या मांडणीचे काम करता. संगणकात विंडोज ११ आहे आणि २४० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, आहे. तिच्यावर सुमारे १०० जीबीचा सी आणि सुमारे १२० जीबीचा डी अशी दोन पार्टिशन आहेत. दिवाळी अंकांच्या कामांनी डी भरत आला, म्हणून आपण २ टीबीची नवी हार्ड डिस्क आणून जोडली, पण ती 'धिस पीसी'मध्ये दिसत नाही. ती दिसू लागल्यावर पार्टिशनची नोंद ठेवण्याच्या एमबीआर आणि जीपीटी या दोन पद्धतींपैकी कोणती निवडावी, तिची किती पार्टिशन करावीत, ती डीला जोडून एकच मोठा डी करता येईल का, आणि डीमधले सगळे नव्या डिस्कवर हलवून डी काढून टाकला तर ती जागा सीला मिळेल का, हे आपण विचारले आहे. पुण्यातील छापखान्यांच्या आणि मांडणीची कामे करणाऱ्या कार्यालयांच्या संगणकांची देखभाल मी बरीच वर्षे करीत आहे, त्यामुळे आपली अडचण माझ्या चांगल्या परिचयाची आहे.

पार्टिशन किती करावीत हा प्रश्न सगळेजण आधी विचारतात, पण तो शेवटी सोडवायचा असतो. आधी असे ठरवावे की आपल्याकडे असलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची दुसरी प्रत कोणत्या डिस्कवर राहणार आहे. पार्टिशन म्हणजे एकाच डिस्कवर आखलेली हद्द असते. वाड्यातल्या एका दालनात भिंत घालून दोन खोल्या केल्या, तरी जोते आणि आढे एकच राहतात, तसेच हे आहे: डिस्कचा मोटर बंद पडला, हेड बिघडले किंवा सर्किटचा बोर्ड जळला, तर तिच्यावरची सर्व पार्टिशन एकाच वेळी जातात. 'कामे डीवर आहेत आणि त्यांची प्रत ईवर आहे, त्यामुळे काळजी नाही' असे सांगणाऱ्यांचे डी आणि ई बहुतेक वेळा एकाच डिस्कवर असतात. ही समजूत आपल्या व्यवसायात फार नुकसान करते, म्हणून तिच्याबद्दल मी इतक्या स्पष्टपणे लिहीत आहे. आपल्याकडे आता खरोखर दोन वेगळ्या डिस्क आल्या आहेत, ही चांगली संधी आहे. ती केवळ 'जागा वाढली' एवढ्यावर संपवू नये.

आता डिस्क न दिसण्याबद्दल. 'धिस पीसी'मध्ये डिस्क दिसत नाहीत, तर त्यांच्यावरील तयार पार्टिशन दिसतात. नवी डिस्क कोरी असते, तिच्यावर पार्टिशनची नोंदच नसते, म्हणून ती तेथे दिसणार नाही. विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबून येणाऱ्या यादीतून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. तेथे खालच्या भागात नवी डिस्क 'नॉट इनिशिअलाइझ्ड' (वापरासाठी अजून तयार न केलेली) अशा नोंदीसह आणि काळ्या पट्टीत 'अनॲलोकेटेड' असे लिहिलेली दिसली, तर सर्व काही ठीक आहे. तेथेही दिसत नसेल, तर संगणक सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरील प्रणालीत, जाऊन ती ओळखली गेली आहे का ते पाहावे. बायोसलाही ती दिसत नसल्यास दोष बहुधा वीज देणाऱ्या किंवा माहिती वाहणाऱ्या साटा केबलचा असतो. केबल बदलून पाहावी, आणि मदरबोर्डवरील दुसऱ्या साटा जागेत लावून पाहावे. काही मदरबोर्डांवर एम.२ जागेत एसएसडी बसवली की ठरावीक साटा जागा आपोआप बंद होतात. हे मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. आपली २४० जीबीची एसएसडी एम.२ जागेत असेल, तर हे आवर्जून तपासावे. केबल काढता-घालताना संगणक नुसता बंद करून पुरत नाही, प्लग भिंतीतून काढावा आणि आधी कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच आत हात घालावा. डिस्क चारही स्क्रूंनी घट्ट बसवावी; कॅबिनेटच्या तळाशी तशीच टेकवून ठेवलेली फिरती डिस्क स्वतःच्याच थरथरीने लवकर खराब होते.

येथे एक महत्त्वाचा इशारा आहे. वर सांगितलेली 'नॉट इनिशिअलाइझ्ड' अवस्था कोऱ्या डिस्कच्या बाबतीत स्वाभाविक आहे. आपण एखादी जुनी, भरलेली डिस्क दुसऱ्या संगणकातून काढून जोडली आणि विंडोजने ती 'इनिशिअलाइझ' करू का किंवा 'फॉरमॅट' करू का असे विचारले, तर उत्तर नाही असेच द्यावे. त्या प्रश्नाचा अर्थ एवढाच असतो की विंडोजला त्या डिस्कवरची मांडणी वाचता आली नाही. ती खराब झालेली असेल, लिनक्समधील असेल किंवा कूटबद्ध केलेली असेल. माहिती मात्र तेथे बहुधा तशीच असते. होकार दिल्याने ती वाचवणे अवघड होऊन बसते.

एमबीआर की जीपीटी याचे उत्तर सोपे आहे: जीपीटी. एमबीआर ही १९८३ च्या पीसी-डॉस २.० पासून चालत आलेली पद्धत आहे. तिच्यात पार्टिशनची सर्व नोंद डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधील (सेक्टर म्हणजे डिस्कवरील माहितीचा लहान कप्पा) ६४ बाइटमध्ये मावते, म्हणून चारच मुख्य पार्टिशन करता येतात, आणि सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जात असल्याने ५१२ बाइटच्या सेक्टरांवर ती सुमारे २.२ टीबीपलीकडे पोहोचत नाही. आपली डिस्क २ टीबीची आहे, त्यामुळे एमबीआरनेही काम भागले असते. तरीही मी जीपीटी सुचवतो, त्याचे कारण मर्यादा हे नाही. जीपीटीमध्ये पार्टिशनच्या नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते, आणि दोन्हींसोबत तपासणीचा अंक असतो, त्यामुळे सुरुवातीची नोंद बिघडली तर ती कळते आणि शेवटच्या प्रतीवरून परत मिळवता येते. 'संगणक जुना आहे, म्हणून जीपीटी चालणार नाही' असे काही दुकानदार सांगतात. ते विंडोज ज्या डिस्कवरून सुरू होते त्या डिस्कपुरते खरे असू शकते. फक्त फाइली ठेवण्याची डिस्क व्हिस्टापासूनच्या कोणत्याही विंडोजमध्ये जीपीटी असली तरी चालते, बायोस कितीही जुने असले तरी.

जीपीटी केल्यावर उपलब्ध जागा सुमारे १८६३ जीबी दिसेल. दुकानदाराने फसवले असे समजू नये. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट असे धरतात, आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजून तरीही जीबी असेच लिहिते. आपली २४० जीबीची एसएसडी याच कारणाने २२३ जीबीची दिसते. विंडोज या जागेतून १६ एमबी स्वतःसाठी राखून ठेवते, ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसत नाहीत आणि त्यांच्याकडे लक्ष देण्याची गरज नाही.

पार्टिशन करण्याआधी डिस्क चांगली आहे का हे तपासावे, कारण नंतर कामे भरल्यावर दोष सापडला तर सर्व पुन्हा करावे लागते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन डिस्कने स्वतः ठेवलेल्या आरोग्याच्या नोंदी दाखवते. त्यांतील ५ क्रमांकाची नोंद बदललेल्या सेक्टरांची, १९७ क्रमांकाची संशयास्पद सेक्टरांची आणि १९८ क्रमांकाची वाचता न आलेल्या सेक्टरांची असते. ते साधन हे क्रमांक षोडशमान पद्धतीने लिहिते, म्हणून १९७ तेथे 'सी५' असे दिसेल. कोऱ्या डिस्कवर या तिन्ही नोंदी शून्य असल्या पाहिजेत; नसतील तर त्याच दिवशी ती बदलून घ्यावी. १९९ क्रमांकाची नोंद वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा असतो.

त्यानंतर फॉरमॅट करताना 'क्विक फॉरमॅट'वरील खूण काढावी. पूर्ण फॉरमॅटमध्ये विंडोज डिस्कच्या प्रत्येक भागावर शून्ये लिहून पाहते आणि खराब जागा बाजूला काढते. सेकंदाला दीडशे एमबी या सरासरी वेगाने २ टीबीला सुमारे चार तास लागतील, कदाचित अधिकही. हे काम गुरुवारी करू नये. गुरुवारी महावितरण आपल्या भागात देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याची शक्यता असते. मे महिन्यातील वळवाच्या दिवसांतही दुपारनंतर ते टाळावे. कोऱ्या डिस्कचे फॉरमॅट मध्येच तुटले, तर फक्त वेळ वाया जातो. पण पार्टिशनचा आकार बदलताना वीज गेली, तर काय होते ते पुढे सांगतो. एसएसडीला मात्र पूर्ण फॉरमॅट करू नये, तेथे क्विक फॉरमॅटच योग्य आहे.

फाइल पद्धती एनटीएफएस निवडावी आणि 'ॲलोकेशन युनिट' आहे तसेच, म्हणजे 'डीफॉल्ट' ठेवावे. एफएटी३२ मध्ये ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल ठेवता येत नाही, आणि छपाईसाठीच्या मोठ्या पीडीएफ किंवा स्कॅन केलेल्या चित्रांच्या फाइली ही मर्यादा सहज ओलांडतात. एक्सएफएटी पेनड्राइव्हला ठीक आहे, पण तिच्यात बदलांची नोंदवही नसते, त्यामुळे वीज अचानक गेली तर ती एनटीएफएसइतकी सावरत नाही. संगणकात कायम बसणाऱ्या डिस्कसाठी ती घेऊ नये.

आता पार्टिशनची संख्या. आपल्यासारख्या कामासाठी मी नव्या डिस्कची दोनच पार्टिशन करीन. पहिले सुमारे १४०० जीबीचे, पूर्ण झालेल्या जुन्या कामांसाठी. दुसरे उरलेल्या सुमारे ४६० जीबीचे, एसएसडीवरील सी आणि डी या दोन्हींच्या बॅकअपसाठी. दुसरे पार्टिशन वेगळे ठेवण्याचे कारण आहे. बॅकअपची साधने जुन्या आवृत्त्या साठवत जातात आणि मोकळी जागा मिळेल तेवढी व्यापतात. त्यांना हद्द घातली नाही, तर ती हळूहळू जुन्या कामांची जागा खातात. येथे पार्टिशनचा उपयोग खरोखर होतो, कारण ही हद्द जागेची आहे, सुरक्षिततेची नाही. क्रमही मी विचारपूर्वक दिला आहे. फिरत्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला वेग अधिक मिळतो आणि पार्टिशनची मांडणी साधारणपणे बाहेरून आत जाते. त्यातल्या त्यात अधिक वेळा उघडल्या जाणाऱ्या फाइली पहिल्या पार्टिशनमध्ये आणि क्वचित लागणाऱ्या दुसऱ्यात, असे असावे.

'पुस्तके', 'मासिके', 'जाहिराती', 'फोटो', 'घरचे' अशी पाच-सहा पार्टिशन करण्याची आवड अनेकांना असते. मी तिच्या विरोधात आहे. हे काम फोल्डरचे आहे. सहा पार्टिशन केली की दोन वर्षांत 'मासिके' भरून वाहते आणि 'जाहिराती' अर्धे रिकामे राहते, आणि ती जागा इकडून तिकडे देता येत नाही. शिवाय एकाच फिरत्या डिस्कच्या एका पार्टिशनमधून दुसऱ्यात मोठी फाइल नकलताना हेडला दोन टोकांमध्ये सतत ये-जा करावी लागते, आणि एकाच पार्टिशनच्या आत फाइल हलवायची असेल तर नुसती नोंद बदलते, एक क्षणही लागत नाही. ज्यांना फक्त जागा हवी आहे आणि बॅकअप वेगळ्या बाह्य डिस्कवर आहे, त्यांनी तर एकच पार्टिशन करावे.

पार्टिशन करताना 'अनॲलोकेटेड' पट्टीवर उजवी कळ दाबून 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' निवडले की आकार विचारला जातो. तो एमबीमध्ये द्यायचा असतो: १४०० जीबीसाठी १४०० गुणिले १०२४, म्हणजे १४३३६००. कोणत्याही कृतीआधी आपण कोणत्या डिस्कच्या ओळीवर आहोत ते दोनदा पाहावे. 'डिस्क ०' आणि 'डिस्क १' या क्रमांकांवर विसंबू नये, केबलची जागा किंवा बायोसमधील रचना बदलली की ते बदलू शकतात. आकारावरून आणि 'प्रॉपर्टीज'मधील मॉडेलच्या नावावरून डिस्क ओळखावी. माझ्या पाहण्यात आलेले बहुतेक अपघात साधनाच्या दोषाने झालेले नाहीत. चुकीची डिस्क निवडल्याने झाले आहेत. म्हणून प्रत्येक पार्टिशनला लगेच नाव द्यावे. नाव देवनागरीत देता येते, विंडोजला त्याची अडचण नाही, परंतु संगणक बिघडल्यावर वापरली जाणारी काही साधने देवनागरी नीट दाखवत नाहीत आणि नेमकी त्याच वेळी नावाची गरज असते. त्यामुळे पार्टिशनचे नाव मी रोमन लिपीत ठेवण्यास सांगतो. आतल्या फोल्डरांची नावे मराठीत खुशाल असावीत.

ड्राइव्हच्या अक्षराचा विचार मांडणीच्या कामात फार महत्त्वाचा आहे. इनडिझाइनसारखी साधने पानावर ठेवलेल्या चित्रांचा पूर्ण पत्ता लक्षात ठेवतात, आणि त्या पत्त्याची सुरुवात ड्राइव्हच्या अक्षराने होते. डीवरील चित्रे नव्या डिस्कच्या एफवर गेली, की जुन्या अंकाची फाइल उघडल्यावर शंभर चित्रे सापडत नाहीत असा संदेश येतो. यावर उपाय असा की आपण जुनी कामे संपूर्णपणे नव्या डिस्कवर नेणार असाल, तर प्रती पूर्ण झाल्यावर जुन्या डीचे अक्षर बदलून दुसरे काहीतरी करावे आणि डी हे अक्षर नव्या पार्टिशनला द्यावे. पत्ते तसेच राहतात आणि दुवे तुटत नाहीत. मात्र आधी डीवर कोणती प्रणाली बसवलेली नाही ना, हे पाहावे. जागा वाचवण्यासाठी श्रीलिपी किंवा इतर प्रणाली डीवर बसवण्याची पद्धत अनेक कार्यालयांत आहे. तसे असल्यास अक्षर बदलताच त्या सुरू होणार नाहीत. विंडोजची पेजफाइल (मेमरी अपुरी पडल्यावर विंडोज वापरते ती फाइल) डीवर असेल, तर तीही आधी सीवर आणावी. नव्या पार्टिशनला नवे अक्षर द्यायचे असल्यास ई किंवा एफ न देता वर्णमालेत पुढचे, उदाहरणार्थ एम, द्यावे, म्हणजे पेनड्राइव्ह आणि कार्ड रीडर यांच्याशी गल्लत होत नाही.

डी आणि नवी डिस्क जोडून एकच मोठा डी करता येईल का, या प्रश्नाचे उत्तर 'करता येईल, पण करू नये' असे आहे. विंडोजमध्ये 'स्पॅन्ड व्हॉल्यूम' नावाची सोय आहे, तिच्यासाठी दोन्ही डिस्क 'डायनॅमिक' कराव्या लागतात. हा प्रकार मायक्रोसॉफ्टनेच आता कालबाह्य ठरवला आहे. खरा दोष त्याहून मोठा आहे: दोनपैकी कोणतीही एक डिस्क गेली की संपूर्ण व्हॉल्यूम जातो. दोन डिस्क घेऊन आपण सुरक्षितता वाढवण्याऐवजी धोका वाढवतो, आणि तोही आपल्या एसएसडीवर, जिच्यावर विंडोज आहे. एकत्र दिसणे एवढीच गरज असेल, तर त्यासाठी दुसरी पद्धत आहे. डीमध्ये 'जुनी कामे' असा रिकामा फोल्डर करावा आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये नव्या पार्टिशनच्या 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स'मधून त्या फोल्डरचा पत्ता द्यावा. यानंतर त्या फोल्डरमध्ये ठेवलेले सर्व काही प्रत्यक्षात नव्या डिस्कवर जाते. एकच लक्षात ठेवावे की डीची मोकळी जागा पाहताना हा भाग धरला जात नाही, आणि तो फोल्डर पुसला तर नव्या डिस्कवरचे सर्व पुसले जाऊ शकते.

डी काढून सी वाढवण्याबद्दल. डिस्क मॅनेजमेंटमधील 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फक्त लगत उजवीकडे मोकळी जागा असेल तरच काम करते. आपण डी पुसला, तरी सी आणि त्या जागेच्या मध्ये काही शे एमबीचे 'रिकव्हरी पार्टिशन' असण्याची दाट शक्यता आहे. अलीकडच्या विंडोजमध्ये ते सीच्या लगेच मागे ठेवले जाते, आणि मग 'एक्स्टेंड' हा पर्याय फिकट दिसतो. ते पार्टिशन दुरुस्तीच्या साधनांसाठी असते. 'रीएजंटसी' या आज्ञेने ते आधी निष्क्रिय करून, 'डिस्कपार्ट'ने काढून, सी वाढवून, शेवटी १ जीबीच्या आसपास जागा सोडून ते पुन्हा तयार करता येते, परंतु त्यासाठी पार्टिशनचा प्रकार दर्शवणारा लांबलचक क्रमांक अचूक द्यावा लागतो आणि एका अक्षराची चूक महागात पडते. बाहेरच्या कंपन्यांची साधने तेच पार्टिशन उचलून पुढे सरकवतात. सरकवणे म्हणजे आतली सर्व माहिती नव्या जागी पुन्हा लिहिणे, आणि ते चालू असताना वीज गेली तर पार्टिशन अर्धे इकडे, अर्धे तिकडे अशा अवस्थेत अडकते. यूपीएस नसेल आणि सीची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर नसेल, तर हे काम हाती घेऊ नये.

त्याआधी एक प्रश्न विचारावा: सी वाढवण्याची गरज खरोखर आहे का? माझ्या मते नाही. १०० जीबीचा सी विंडोज ११ आणि मांडणीच्या प्रणालींसाठी पुरतो, फक्त 'डाउनलोड्स' आणि 'डॉक्युमेंट्स' हे फोल्डर डीवर वळवावेत. ही सोय त्यांच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'लोकेशन' या भागात आहे. डी तसाच ठेवावा आणि त्याचा उपयोग बदलावा: चालू कामे एसएसडीवरच्या डीवर, संपलेली कामे नव्या डिस्कवर. मोठ्या चित्रांची पाने उघडताना एसएसडीचा वेग जाणवतो. चालू अंक फिरत्या डिस्कवर नेऊन सी रुंद करणे हा तोट्याचा व्यवहार आहे. आज दुकानांत मिळणाऱ्या २ टीबीच्या अनेक डिस्क एसएमआर प्रकारच्या असतात. त्यांत पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात, म्हणून सतत लिहीत राहिले की त्यांचा वेग बराच पडतो. साठवणीसाठी त्या ठीक आहेत, रोजच्या कामासाठी नाहीत.

फाइली नेताना 'कट' करू नये, 'कॉपी' करावी. मोठ्या संख्येच्या फाइलींसाठी विंडोजमधील रोबोकॉपी ही आज्ञा चांगली आहे: मध्येच थांबली तरी तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर उरलेल्या फाइली घेते आणि शेवटी किती फाइली गेल्या, किती चुकल्या याचा तक्ता देते. तिचा 'मिर' हा पर्याय मात्र जपून वापरावा, कारण मूळ जागी नसलेली प्रत्येक फाइल तो नव्या जागेतून पुसतो. दोन पत्ते उलटे लिहिले गेले, तर मूळ कामच जाते. आपल्या मराठी नावांच्या फाइलींबाबत एक विशेष अडचण येते. विंडोजमधील अनेक साधने पूर्ण पत्ता सुमारे २६० वर्णचिन्हांपर्यंतच घेतात, आणि देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी यांची प्रत्येकी स्वतंत्र मोजणी होते: 'दिवाळी' डोळ्यांना तीन अक्षरे दिसते, पण तेथे सहा धरली जातात. लांब मराठी नावांचे फोल्डर एकात एक असतील आणि नव्या डिस्कवर आपण त्यांच्यावर आणखी एक फोल्डर चढवला, तर काही फाइली नकलल्या जात नाहीत. म्हणून नव्या डिस्कवर शक्यतो मुळाशीच फोल्डर ठेवावेत, आणि कॉपी झाल्यावर दोन्हीकडील फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवून पाहावेत.

नव्या डिस्कवर गेलेली जुनी कामे डीवरून पुसली, की त्यांची पुन्हा एकच प्रत उरते. हे लक्षात आले नाही, तर वरची सर्व मेहनत अपुरी राहते. बॅकअपचे पार्टिशन सी आणि डीसाठी आहे, त्याच डिस्कवरील जुन्या कामांना त्याचा काही उपयोग नाही. त्यांच्यासाठी एक बाह्य यूएसबी डिस्क घ्यावी, महिन्यातून एकदा जोडून प्रत करावी आणि मग काढून कार्यालयाबाहेर, घरी ठेवावी. कायम जोडलेली डिस्क विजेच्या झटक्यात किंवा खंडणीच्या विषाणूत मूळ डिस्कबरोबरच जाते. ती घेईपर्यंत डीवरील जुनी कामे पुसू नयेत. जागेची फारच निकड असेल, तर ज्यांची छपाई होऊन हिशेब मिटला आहे तेवढीच पुसावीत.

पुढे कधी विंडोज नव्याने टाकण्याची वेळ आली, तर सुरुवात करण्याआधी नव्या हार्ड डिस्कची साटा केबल काढून ठेवावी. दोन डिस्क जोडलेल्या असताना विंडोज स्वतः एका डिस्कवर आणि संगणक सुरू करणारे १०० एमबीचे ईएफआय पार्टिशन दुसऱ्या डिस्कवर, असे होऊ शकते. नंतर कधी ती दुसरी डिस्क काढली, की संगणक सुरूच होत नाही. केबल काढलेली असली की चुकीचे पार्टिशन पुसण्याचा धोकाही राहत नाही. सीवर बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्क कूटबद्ध करण्याच्या विंडोजच्या सोयी) सुरू आहे का, तेही आजच 'सेटिंग्ज'मध्ये पाहावे. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला असेल, तर ते आपल्याला न कळता सुरू झालेले असू शकते. असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी, कारण बायोसमधील एखादी रचना बदलली तरी ती विचारली जाऊ शकते, आणि ती नसेल तर डिस्क उघडण्याचा दुसरा मार्ग नाही.

आणि कधी चुकून पार्टिशन पुसले गेलेच, तर त्या डिस्कवर एकही नवी फाइल लिहू नये, 'चेकडिस्क' हे विंडोजचे डिस्क तपासून दुरुस्त करणारे साधन चालवू नये आणि नवे पार्टिशन करून 'पाहू' नये. पुसले जाते ती बहुधा फक्त नोंद असते. टेस्टडिस्क हे मोफत साधन दुसऱ्या डिस्कवरून चालवून ती नोंद शोधता येते, आणि सापडलेल्या फाइली तिसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. फिरत्या डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर मात्र साधने वापरण्याचा प्रयत्नही न करता संगणक लगेच बंद करावा आणि डिस्क उघडून दुरुस्ती करण्याची सोय असलेल्या माहिती-पुनर्प्राप्ती प्रयोगशाळेकडे द्यावी.